दिवसाची झोप

छायाचित्रणातले आम्हांला फारसे कळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आम्ही दोघे मराठी शिकवतो. तरी दोन वर्षांपूर्वी तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. एका अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी त्याला १५ छायाचित्रांचा पोर्टफोलिओ द्यायचा होता, सोबत ३०० शब्दांचे निवेदन. सगळी चित्रे एका ‘वैयक्तिक विषया’भोवती असावीत, अशी अट. निवेदन लिहायचे म्हणजे मराठीचे शिक्षक गाठायचे, असा त्याचा साधा हिशेब होता.

आम्ही आमच्या सवयीने सुरुवात केली : आधी आशयसूत्र ठरव. त्याला सुचेना, तेव्हा आम्हीच ‘स्थलांतर’ हा शब्द देऊन टाकला. (आमच्या पिढीच्या समीक्षेत हा शब्द कुठेही चालतो.) पंधरवड्याने तो एसटी स्टँडवरची चित्रे घेऊन आला. बोचकी, खिडकीला टेकलेली कपाळे, पाठमोरी माणसे. एकही चित्र चुकलेले नव्हते आणि एकही त्याचे नव्हते. विषय ठरवून मग त्याला प्रतिमा चिकटवल्याने कविता होत नाही, हे वर्गात वर्षानुवर्षे बजावणाऱ्या आम्ही त्याच्याकडून नेमके तेच करून घेतले होते.

रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर हिंडून २७ हजारांवर चित्रे टिपली. ‘द अमेरिकन्स’मध्ये त्यांतली ८३ आली. ते पुस्तक खरे घडले असेल ते या निवडीत, असे आम्हांला वाटते. म्हणून त्याला सांगितले, आजवर काढलेले सगळे घेऊन ये, फसलेलेसुद्धा. स्टाफरूमच्या टेबलावर दोनेकशे छोट्या प्रिंट मांडल्या गेल्या. सूर्योदय, घाट, आजोबांचे सुरकुतलेले हात हे ठरलेले ऐवज होतेच. पण हातगाडीवर झोपलेला हमाल, देवळाच्या ओट्यावर झोपलेला कुणी, दुकानाच्या फळीखालचे कुत्रे, असे भर दुपारी झोपलेले जीव वीसएक ठिकाणी निघाले. त्याच्या हे ध्यानातही आले नव्हते.

“तुझ्या घरी दिवसा कोण झोपतं रे?” आमच्यापैकी एकीने विचारले.

“बाबा,” तो म्हणाला. “रात्रपाळीचे वॉचमन आहेत, मॅडम.” तीन वर्षांत हे आम्हांला कळले नव्हते, कळू नये अशीच त्याने काळजी घेतली असावी.

दोन दिवसांनी त्याने झोपलेल्या वडिलांचे चित्र आणले. उघडे तोंड, कपाळावर आडवा हात, खिळ्याला अडकवलेला गणवेशाचा शर्ट. आम्ही हरखून गेलो. तोच खाली बघत म्हणाला, “त्यांना सांगितलं नाहीये अजून.” आत्मकथने शिकवताना घरच्यांच्या संमतीचा प्रश्न आम्ही कधी काढल्याचे आठवत नाही. पुस्तक छापून आलेले असते, त्यामुळे प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. इथे तो टेबलावर पडला होता, आणि झोपलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही.

त्याने वडिलांना ते चित्र दाखवले. ते म्हणाले, “झोपेत नको. उठवून काढ.”

अडचण अशी की बाबांना उठवायचे नाही, याच एका नियमावर ते एका खोलीचे घर उभे होते. विषय त्याला सापडला तो इथे, असे आम्ही समजतो. पुढची चित्रे भराभर आली. खिडकीला लावलेली गोधडी. शिटी होण्याआधी गॅस बारीक करणारा आईचा हात. आवाज बंद करून लावलेली क्रिकेटची मॅच आणि समोर तीन मुले, त्यांतल्या एकाने आनंदाने ओरडू नये म्हणून स्वतःचेच तोंड दाबलेले. वडील एकाच चित्रात आहेत. खाटेवर बसलेले, नुकते उठवलेले, थोडे वैतागून कॅमेऱ्याकडे बघणारे.

निवेदन त्याने अकरा ओळींचे लिहिले. ३०० शब्द भरत नव्हते. आम्ही वाढवायला सांगितले नाही, फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहिले. क्रमावरून मात्र वाद झाला. वडिलांचे चित्र शेवटी हवे, हे आमचे मत. त्याने ते सातवे ठेवले. ते काढून झाल्यावर बाबा पुन्हा झोपले, असे त्याचे म्हणणे.