अडवलेली फाईल

फी थकली की पक्षकाराची फाईल सोडायची नाही, हे मी ज्येष्ठांच्या चेंबरमध्ये शिकलो आणि पुढे हक्क समजून वापरलं. वाटणीच्या दाव्यातल्या एका वृद्ध वादीने वकील बदलायचं ठरवलं. "साहेब, कागद तेवढे द्या, पैशाचं बघते मी," ती म्हणाली. "आजी, आधी हिशेब मिटवा," म्हणत मी मूळ खरेदीखतासकट सगळं कपाटात ठेवलं. नाहरकतही दिली नाही.

त्यामुळे नव्या वकिलांचं वकीलपत्र दाखल होईना. रेकॉर्डवर मीच होतो, तरी तारखेला मुद्दाम गेलो नाही. दावा गैरहजेरीत निकाली निघाला. फाईल अडवण्यामागे निदान चुकीची समजूत तरी होती. तारखेला न जाणं हा निव्वळ सूड होता.

तिने बार कौन्सिलकडे तक्रार केली. कैफियतीत मी थकबाकीच पुढे केली. शिस्तपालन समितीत तिघे असतात, त्यातल्या एकांनी शांतपणे विचारलं, "सक्सेनांचा निकाल वाचलाय?" तोवर वाचला होता. आर. डी. सक्सेना मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेचे वकील. फीसाठी त्यांनीही फायली अडवल्या होत्या. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फीपोटी फायली ठेवून घेण्याचा अधिकार वकिलाला नाही; फी हवी तर वसुलीचा कायदेशीर मार्ग आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना केलेली अठरा महिन्यांची व्यवसायबंदी न्यायालयाने समजेवर आणली, कारण तोवर कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता. ती सबब मला नव्हती.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ मध्ये समज, निलंबन आणि सनद रद्द करणं अशा चढत्या शिक्षा आहेत. माझी सनद काही महिन्यांसाठी निलंबित झाली. त्या काळात देशातल्या कुठल्याच न्यायालयात उभं राहता येत नाही. एकेका पक्षकाराला बोलावून कारण सांगावं लागलं, फाईल हातात द्यावी लागली. काहींच्या फायली मी याआधी अशाच ताटकळत ठेवल्या होत्या, हे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

मित्र म्हणाले, साठ दिवसांत अपील कर. केलं असतं तर ते कागद माझेच, असं पुन्हा लिहावं लागलं असतं. मी अपील केलं नाही. आजींच्या नव्या वकिलांनी दावा पुन्हा फाईलवर घेण्यासाठी अर्ज दिला, तेव्हा गैरहजेरीचं खरं कारण मी स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं.