कळमेश्वरी दहा राग

कळमेश्वरला मुद्दाम असे कोणी जात नाही. काटोलला जाणारा कळमेश्वरवरून जातो, सावनेरला जाणारा कधीमधी तिकडून वळतो, आणि आषाढात धापेवाड्याच्या विठोबाला निघालेल्या नागपूरकराला कळमेश्वर म्हणजे चहासाठी गाडी थांबवण्याची जागा वाटते. वास्तविक गाव चांगले नांदते आहे. तालुक्याचे ठाणे आहे, नागपूर-इटारसी मार्गावरचे रेल्वे स्टेशन आहे, शेजारच्या ब्राह्मणीसकट एक नगरपरिषद आहे, आणि औद्योगिक वसाहतीत पोलादी पत्र्याला रंग चढवणारा भला मोठा कारखाना आहे. पण दिवाळी अंकात लिहिण्याजोगे तिथे काय आहे, असे कोणी मला गेल्या वर्षी विचारले असते तर मी विषय बदलून संत्र्यांवर आणला असता.

यंदा दसऱ्यानंतर मात्र मी तिथे चार दिवस मुक्काम ठोकला. कारण घरगुती होते. माझी मावशी तिथले जुने घर विकून लेकीकडे पुण्याला कायमची निघाली होती, आणि आवराआवरीला हाताशी एक शहाणा माणूस हवा होता. शहाणा मिळेना, तेव्हा मराठीच्या प्राध्यापकावर भागवण्यात आले.

नागपूरहून हा रस्ता फार तर वीस-पंचवीस किलोमीटरांचा. काटोल नाका सुटला की गोरेवाड्याचे रान लागते. पुढे फेटरी गेले की काळ्या जमिनीत कपाशी, सोयाबीन आणि मधूनच संत्र्याचे बगीचे दिसू लागतात. आंबिया बहराची फळे त्या दिवसांत पिवळी धरू लागलेली असतात; पूर्ण पिवळीही नाहीत आणि हिरवीही नाहीत, अशा अवघडलेल्या वयात. स्टँडवर उतरून तर्री-पोह्याची एक बशी रिचवावी आणि मग घराकडे निघावे, हा आमचा लहानपणापासूनचा शिरस्ता. तर्रीने डोळ्यांत पाणी आले नाही तर पोहे वाया गेले असे समजावे.

मावशीचे यजमान, आमचे मावसाजी, जाऊन सहा वर्षे झाली. दिवसा ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात वादक. ऐंशीच्या सुमारास आमच्याकडे गावोगाव ऑर्केस्ट्रे निघाले होते. गणपती, शारदा, लग्न, कुठेही बोलावणे यायचे. मावसाजींनी आधी पेटी वाजवली आणि पुढे हप्त्याने एक विजेचा कीबोर्ड घेतला. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव असले तरी आमच्या भागात त्याला 'कॅसिओ'च म्हणत. हा कॅसिओ मावशीने थोरलीच्या लग्नाच्या वेळी विकायला लावला. मावसाजी तेव्हा काहीच बोलले नाहीत. फक्त त्याचे प्लास्टिकचे कव्हर त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवले. ते कव्हर आम्हाला माळ्यावर सापडले. त्याच्या खाली तबकड्यांच्या पाच पेट्या होत्या.

तीन पेट्यांत त्यांच्या वडिलांच्या वेळच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जड तबकड्या, दोहोंत पुढच्या काळातल्या प्लास्टिकच्या. पहिल्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत हे आपण ऐकलेले असते, पण ती लाख बहुतेक आपल्याच देशातली, पळसा-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली, हे लक्षात येत नाही. आमच्या विदर्भात गोंदियाकडे लाखेचा धंदा जुना आहे. म्हणजे गाणारी कलकत्त्याची, यंत्र विलायतचे आणि आवाज ज्यावर उमटला तो पदार्थ कदाचित आमच्या पळसाचा! दुसऱ्याच दिवशी दारात आलेल्या कबाड्याला या इतिहासाचे सुखदुःख नव्हते. त्याने एक तबकडी हातात घेऊन टिचकी मारली. "काकू, हे लाखेचं काही कामाचं नाही. प्लास्टिकचं किलोनं नेतो," म्हणाला. मावशीने "उद्या ये" म्हणून त्याला लावला.

त्याच संध्याकाळी तिचा नातू पुण्याहून आला. तिथे तो संगणकाचे काहीतरी करतो आणि पगारातला बराच भाग तबकड्यांवर उडवतो. आईला याची चिंता आहे. येताना तो एक छोटी पेटी घेऊन आला. उघडली की तिचा ग्रामोफोन होतो. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते, म्हणून त्याने दोन सुया आणल्या होत्या. एवढी तयारी मी त्याच्या दहावीच्या परीक्षेला पाहिली नव्हती.

"मामा, ही ऐक. अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिकची रेकॉर्ड आहे," तो म्हणाला.

माझ्या पिढीच्या मास्तराला 'अंडरग्राउंड' म्हटले की भूमिगत आणि भूमिगत म्हटले की बेचाळीस साल आठवते. भूमिगत ध्वनीही तेव्हा होता. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला होता. नातवाचे भूमिगत संगीत मात्र पोलिसांपासून लपलेले नव्हते. ते गिऱ्हाइकांपासून लपलेले होते. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीबाहेर, थोड्या प्रती काढून, जाणकारांनी जाणकारांना विकायचे यंत्रसंगीत, असा त्याचा अर्थ त्याने मला सांगितला. त्यात नवे निघते, आणि जुने विसरलेले शोधून पुन्हा छापतात. आपण नाही का दुर्मिळ पोथी संपादून काढत! मला एकदम तो उद्योग घरचा वाटू लागला.

ही तबकडी चरणजितसिंगांची. मुंबईच्या सिनेमासृष्टीत गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड नावाची विजेची पेटी वाजवणारे हे वादक. पडद्यावर ज्यांचे नाव येत नाही आणि ज्यांच्यावाचून गाणे होत नाही अशा मंडळींपैकी एक. १९८२ साली त्यांनी जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे जुळवली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही खर्जाची चिमुकली पेटी. या तिघांवर त्यांनी एकट्याने दहा राग वाजवले. ललित, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. एच.एम.व्ही.ने तबकडी काढली, ती चालली नाही, आणि चरणजितसिंग आपले लग्नसमारंभांतून वाजवीत राहिले.

गंमत पुढेच आहे. टीबी-३०३ मुळात गिटारवाल्याला घरी सराव करताना खर्जाची साथ मिळावी म्हणून निघाली होती. ती साथ कोणाला पसंत पडली नाही, आणि कंपनीने १९८४ च्या सुमारास ती बंद केली. मग जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळणारी ती पेटी अमेरिकेत शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. तिच्या कळा वाजताना पिळल्या की ती चिरकते, कण्हते, हे त्यांनी हेरले. १९८७ साली फ्यूचर या मंडळाची जी तबकडी निघाली तिच्यापासून 'ॲसिड हाउस' नावाचा संप्रदाय मोजतात. आणि तोच आवाज पाच वर्षे आधी मुंबईत, ललत-तोडीच्या नावाखाली उमटून गेला होता! एदो बाउमन या डच माणसाला ही तबकडी २००२ साली दिल्लीच्या एका दुकानात मिळाली. शोध घेत तो चरणजितसिंगांपर्यंत पोचला आणि २०१० साली त्याने ती पुन्हा काढली. कित्येकांना ती कोणीतरी हल्लीच बनवून जुनी म्हणून खपवलेली थाप वाटली. सत्तरी गाठलेल्या वादकाला मग युरोपातून बोलावणी येऊ लागली. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

आपल्या घरचा ऐवज आपल्याला परक्याने दाखवावा याचा मला थोडा राग आला, हे खरे. पण राग कोणावर धरायचा? दुकानात धूळ खात असताना तबकडीच्या अंगावरून आपणच गेलो होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही असेच झाले. तिथे १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकाने मूग सिंथेसायझर बसवून दिला, गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी पुढली दोन-तीन वर्षे त्यावर प्रयोग केले, आणि त्या फिती संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुरगस नावाच्या इंग्लंडच्या कलावंताने त्या बाहेर काढल्या आणि २०२३ साली त्यांची तबकडी आली. नाही म्हणायला आपल्याकडेही जुन्याचा मागोवा घेणारे आहेत. मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्या संग्राहकांची संस्था १९९० पासून हेच काम निगुतीने करीत आली आहे.

दुपारी ओसरीवर नातवाने सुई टेकवली. पहिली दोन मिनिटे मी शिष्टाचारापुरता ऐकत होतो. तिसऱ्या रागाला स्वयंपाकघरातून मावशी हात पुसत बाहेर आली.

"भूपच ना रे हा?"

"हो आजी, भूपाळी."

"मग तबल्याच्या ठिकाणी शिवणयंत्र कायले चालवून राहिला तो?"

शिवणयंत्र ही उपमा मला मार्मिक वाटते. त्या तालयंत्रावर सोळा बटणे एका ओळीत असतात. ज्या मात्रेवर आघात हवा ते बटण दाबायचे, की यंत्र न दमता टाके घालत सुटते. सोळा बटणे, चार-चारांचे चार भाग! तीनताल शिकलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको. खर्जाच्या पेटीत आणखी एक खुबी आहे. तिच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या पेटीवर मींड निघत नाही, हा तिच्यावरचा जुना आरोप. आकाशवाणीने १९४० साली तिला दारे बंद केली ती पुष्कळशी यासाठीच. जपान्यांच्या मनात राग नव्हते, तरी मींड मात्र त्यांनी पेटीत भरून ठेवली होती.

पण म्हणून दहाही राग साधले आहेत असे मी म्हणणार नाही. तोडीचा सारा कोमलपणा त्या ठेक्यात गुदमरतो. मेघमल्हारात पाऊस पडतो तो पत्र्यावर. भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी हे पाच स्वरांचे राग मात्र त्या यंत्राला मानवले आहेत. थोडे स्वर, मोकळी जागा. भूप हा खरे म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, आणि आपण भूपाळ्या म्हणतो पहाटे. मावशीने तो भर दुपारी, चुलीवर वरण ठेवलेले असताना ओळखला.

रात्री गल्लीतून शारदेच्या विसर्जनाची मिरवणूक गेली. पुढे डीजे. कपाटातल्या काचा, फडताळातले डबे आणि माझ्या बरगड्या एका तालात थरथरल्या. "मामा, हा ढोल दुपारच्याच जातीचा बरं," नातू माझ्या कानाशी ओरडला. हे संगीत भूमिगत आहे म्हणणाऱ्याने एकदा आमच्या गल्लीत राहून पाहावे.

मिरवणूक लांब गेल्यावर मावशीने उशाखालून एक कॅसेट काढली. वर मावसाजींच्या अक्षरात 'गणेशोत्सव १९८६' एवढेच. फीत अडकली होती. नातवाने पाच बारीक स्क्रू काढून तिला दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवले, पेन्सिलीने सैल गुंडाळी सारखी केली, आणि ऑर्केस्ट्राच्या काळातला घरचा टेपरेकॉर्डर सुरू केला. आधी नुसती घरघर. मग निवेदकाने वर्गणीदारांची नावे वाचली. मग निळा सदरा घातलेला मुलगा हरवला आहे, त्याच्या पालकांनी मंचाजवळ यावे. मग तो सापडला. या सगळ्याच्या मागे, माणसे गाण्याची वाट पाहत असताना, कोणीतरी कीबोर्डवर स्वतःशीच काहीतरी छेडत होते. चार स्वर, पुन्हा तेच चार, मग पाचवा. गाणे सुरू झाले आणि ते थांबले.

"हे कार्यक्रमातलं नाही," मावशी म्हणाली. "हे त्याइचं." थोड्या वेळाने म्हणाली, "मी विकाले लावलं नसतं तर..." आणि मग तिने नातवाला फीत मागे घ्यायला सांगितले. ते दीड मिनिट आम्ही त्या रात्री सात-आठ वेळा ऐकले. पुण्याला नेऊन ते संगणकात उतरवून घेईन असे नातवाने कबूल केले. त्याची तबकडी काढता येईल का, असेही तिने विचारले, आणि किती खर्च येईल हेही. उत्तर ऐकून ती गप्प बसली, पण नाही म्हणाली नाही.

सकाळी कबाड्या आला. लोखंडी पलंग, दोन घमेली, पितळेचा फुटका बंब आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे त्याने नेले. पेट्यांकडे त्याने एकदा पाहिले. "तेले हात लावू नको," मावशी म्हणाली. आम्ही तबकड्या उभ्या रचल्या, आडव्या रचल्या की लाखेच्या तडकतात म्हणून, आणि मधे जुनी लुगडी घातली. एकशे बारा निघाल्या. सात आधीच फुटलेल्या होत्या. त्यांचे तुकडे तिने वेगळ्या पिशवीत बांधून, कॅसिओच्या कव्हरासकट, आपल्या कपड्यांच्या पेटीत ठेवले.