घोयऱ्याचे घर

शॅमेलिऑन पाळायचा तर पिंजरा कसा असावा, या प्रश्नाचे उत्तर दुकानात शोधण्याआधी त्या प्राण्याच्या शरीराला विचारावे. घोयरा किंवा सरडगुहिरा हा भारतात आढळणारा एकमेव शॅमेलिऑन सरडा. त्याच्या पायाची पाच बोटे दोन आणि तीन अशी जुडग्यांत बांधलेली असतात. पाऊल म्हणजे फांदी धरणारी पक्कडच. शेपूट हा पाचवा हात. असा प्राणी सपाट जमिनीवर अडखळतो, म्हणून त्याचे घर लांबरुंद नव्हे तर उंच हवे. जगभर सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या येमेनी जातीच्या पूर्ण वाढलेल्या शॅमेलिऑनला एकट्याला किमान २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच पिंजरा सांगितला जातो. तोही काचेचा नव्हे, जाळीचा. कारण कोंदट हवा त्याला सोसत नाही. वाटीतले साचलेले पाणी तो सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. म्हणजे ठिबकाची सोय आली. उन्हातील अतिनील किरणांवाचून त्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. खिडकीची काच हेच किरण अडवते, म्हणून खास दिवा लागतो. आणि त्या दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी काही महिन्यांत त्यातले किरण क्षीण होतात. मादीला अंडी पुरण्यासाठी फूटभर खोल ओलसर माती हवी. ती नसेल तर अंडी पोटातच अडकून तिच्या जिवावर बेतते.

ही यादी नीट वाचली तर लक्षात येते, की आपण पिंजऱ्यात बांधावरची बाभूळच उभी करू पाहतो आहोत: फांदी, वारा, दव, ऊन आणि माती. फरक इतकाच, की पिंजऱ्यातली बाभूळ विजेवर चालते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो, उन्हाळ्यात चाळिशीकडे जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बांधावरचा घोयरा ऊन-सावलीत सरकून स्वतःचे तापमान सांभाळतो. पिंजऱ्यातल्याला सरकायला जागाच नसते. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे: घोयऱ्याला योग्य घर एकच, झाडाझुडपांचे जिवंत कुंपण. कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दात पकडणेही येते. त्यामुळे आपला घोयरा हौसेने घरी ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग परदेशी जात नोंदणी करून पाळू. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे, हे खरे. पण कागद पुरे झाल्याने पिंजरा पुरेसा होत नाही. शिवाय सुटलेला पाहुणा घर करून राहतो: येमेनी शॅमेलिऑन हवाई आणि फ्लोरिडात असाच रानात स्थिरावला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुंपणात घोयरा विषारी समजून मारला जातो, मग पिंजराच सुरक्षित नाही का? घोयरा मुळीच विषारी नाही. गैरसमजावरचा उपाय समज देणे हा आहे. ज्याच्यावर दगड पडतात त्याला कोंडणे हा नव्हे.

तिसरा आक्षेप द्राक्षबागायतदाराचा: बांधावरची झाडे वेलींचे ऊन खातात, मुळे पसरतात, पाखरे येतात. हे नाकारता येत नाही. घोयरा फुलकिडे किंवा मिलीबग संपवील, असा दावाही मी करणार नाही. त्याचे भक्ष्य नाकतोडे, माश्या, अळ्या असे मोठे कीटक. पण सगळे बांध राखा असे कोण म्हणते? ओढ्याकाठी, शिवरस्त्याला, जिथे वेल नाहीच तिथे बोरी, बाभूळ, करंज, निरगुडीची सलग पट्टी ठेवता येते. तिथे तारेचे कुंपण घातले तरी झुडपे उपटू नयेत आणि फवाऱ्याची तोटी तिकडे वळवू नये. कीटक मेले की घोयरा उपाशी राहतो.

रस्ता ओलांडताना घोयरा दिसला, तर काठीवर चढवून तो ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर सोडावा. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिंजऱ्याचे पैसे वाचले, तर त्यात करंजाची चार रोपे येतात.