मीटरचा उजेड

रविवार. आज बोलेरोचं काम हातावेगळं केलं. गाडी २००९ची, बाबांनी घेतलेली. मागच्या दाराला फाटक घासून पोचा आला होता. दोन पावसाळे तो तसाच राहिला आणि रंग उडाला तिथे गंज धरला. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासलं, पुट्टीचा पातळ हात दिला, वाळल्यावर ३२०ने सपाट केलं आणि वर प्रायमर मारला.

दुपारी मीटर उघडला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मीटरमागचे चिमुकले बल्ब पाव वळण दिलं की हातात येतात. दोन काळवंडले होते, ते बदलले आणि वायर परत जोडली. चावी फिरवताच ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. असंच व्हायला हवं. चावी फिरवूनही न लागणारा दिवा म्हणजे मुका झालेला राखणदार.

अंधार पडल्यावर काट्यामागे उजेड पसरला आणि घाटात मीटरवर नजर ठेवून चालवणारे बाबा आठवले. डोळे भरून आले.

तुमच्याही गाडीचा एखादा दिवा विझला असेल, तर पावसाआधी तेवढा बघून घ्या.