रामदासपेठेतल्या दोन खाटा

१२ ऑगस्ट, ब्रह्मपुरी

लेकीला एलआयटीत, पूर्वीच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, अन्न तंत्रज्ञानाला प्रवेश मिळाला. तिच्याच वर्गातली, आमच्या शाळेतली मैत्रीण नागपूरच्या विज्ञान संस्थेत बी.एस्सी.ला चालली आहे. खोली दोघींनी मिळून घ्यायची, हे त्यांनी निकालाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. सरकारी वसतिगृहासाठी मैत्रिणीचा अर्ज केला आहे, पण याद्या लागायला वेळ असतो आणि वर्ग त्यांच्यासाठी थांबत नाहीत. उद्या सकाळच्या एसटीने निघायचं. पंधरा ऑगस्टला शाळेत ध्वजवंदन असल्याने मला परवा रात्रीपर्यंत परतायलाच हवं.

रात्री मैत्रिणीची आई आली. दिवसभर चिखलात उभी होती, पाय नुसते धुऊन तशीच निघाली होती. "मॅडम, रोवणा टाकून नाही येता येत. पोरीले तेवढं लावून द्या." आधी दुसऱ्यांच्या बांध्या रोवायच्या, मजुरी हातात आली की मग आपल्या दीड एकरात पऱ्हे लावायचे, असा त्यांचा दरवर्षीचा क्रम. म्हणून त्यांचा रोवणा गावात सगळ्यांच्या शेवटी सुटतो. आमच्या झाडीपट्टीत कॉलेजचे प्रवेश आणि भाताचा रोवणा एकाच दिवसांत येतात. घरातले सगळे हात बांधीत असतात आणि मुलीबरोबर शहरात जायला माणूस निघत नाही. गुण आहेत, यादीत नाव आहे, फक्त सोबत नाही म्हणून थांबलेल्या मुली मी माझ्या वर्गात पाहिल्या आहेत.

मैत्रिणीच्या आईने लाखोळीच्या डाळीच्या वड्यांची पिशवी आणि नऊ हजार रुपये माझ्या हातात दिले. पैसे तिने दोनदा मोजून घ्यायला लावले.

१३ ऑगस्ट, नागपूर

तीन तिकिटं, तिन्ही अर्धी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. हा निर्णय झाला तेव्हा वर्तमानपत्रांत फार चर्चा झाली ती तोट्याची. पण शहरात शिकणाऱ्या मुलीला महिन्यातून एकदा घरी येता येणं म्हणजे काय, हे आज तिकीट हातात घेताना मला कळलं.

नागभीडला गाडी थांबली तेव्हा लेकीला जुन्या छोट्या गाडीबद्दल सांगितलं. नागभीडहून नागपूरला जाणारी ती अरुंद रुळांवरची गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, रूळ रुंद करायचे म्हणून. बारावीनंतर याच गाडीने नागपूरला शिकायला जायचं माझ्या मनात होतं. बाबांनी एकच विचारलं होतं, "राहशील कुठं?" त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. ते खरंच विचारत होते, आणि उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं. मी ब्रह्मपुरीतच नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयात शिकले, चांगली शिकले. पण तो प्रश्न माझ्या घरी दुसऱ्यांदा बिनउत्तराचा राहू द्यायचा नाही, हे लेक पाचवीत होती तेव्हापासून ठरलेलं होतं.

नागभीड तालुक्यातल्याच नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे राहत. तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात निरखून, निवडून एचएमटी हे भाताचं वाण काढलं. २०१८ मध्ये ते गेले. लेकीला म्हटलं, "तू तांदळावर प्रयोगशाळेत काम करशील तेव्हा हे नाव विसरू नको." ती म्हणाली, "आई, आपण आयुष्यभर त्यांचाच भात खाल्ला ना." मग भिवापूर, उमरेड करत गणेशपेठेच्या स्थानकावर उतरलो.

दुपार रामदासपेठेत खोल्या पाहण्यात गेली. बाजूच्या धंतोलीसारखीच ही पेठ आता दवाखान्यांची झाली आहे. जुने बंगले पाडून इमारती उठल्या, खाली औषधांची दुकानं, फुटपाथवर रिपोर्टच्या पिशव्या घेऊन बसलेले गडचिरोली, गोंदिया, बालाघाटचे नातेवाईक. त्यांच्यामधून वह्या छातीशी धरून क्लासला निघालेली पोरं. आजारपण आणि शिक्षण या दोन्ही कारणांनी अख्खा पूर्व विदर्भ या दोन-तीन रस्त्यांवर येऊन उभा राहतो, आणि दोघांनाही रात्रीपुरती जागा हवी असते. त्यामुळे इथली प्रत्येक खोली महाग आहे.

पहिली जागा म्हणजे एका हॉलचे प्लायवूड लावून केलेले चार तुकडे. आमच्या वाट्याच्या तुकड्याला खिडकी नव्हती. दुसरीकडे खोली बरी होती, पण भाडेकरार लिहून देणार नाही म्हणाले. मैत्रिणीला शिष्यवृत्तीच्या कागदांत भाडेकरार लागतो, म्हणून तिथून निघालो. तिसरी जागा एका वयस्क बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर मिळाली. तीन खाटा, तीन कपाटं, रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. त्यातली एक खाट वाशीमच्या मुलीने आधीच घेतली आहे. रात्री नऊला गेट बंद, खोलीत शेगडी चालणार नाही, पालकांचं हमीपत्र द्यायचं. मालकीणबाईंनी करार द्यायचं एका शब्दात मान्य केलं आणि उलट मलाच विचारलं, "मुली रात्री अभ्यासाला किती वाजेपर्यंत जागतात?" मला त्या प्रश्नाने धीर आला.

१४ ऑगस्ट, नागपूर, रात्री ब्रह्मपुरी

हिशेब इथे लिहून ठेवते, कारण खरी गोष्ट त्यातच आहे.

खोली माणशी साडेचार हजार, तेवढंच डिपॉझिट, मेसचे तीन हजार. म्हणजे पहिल्याच दिवशी एका मुलीमागे बारा हजार. मैत्रिणीच्या आईने दिले होते नऊ. उरलेले मी भरले.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या, इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. अंशतः अनुदानित शाळेतल्या माझ्या पगारावर लेक एलआयटीत जाऊ शकली ती त्यामुळे. हा मोठा निर्णय आहे आणि मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण शुल्क शून्य झाल्यावर उरतं ते राहणं आणि जेवणं, आणि गावाकडच्या मुलीसाठी तोच आकडा मोठा असतो.

त्यासाठीही योजना आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. मैत्रीण आधार योजनेत बसते, पण तिथे जिल्ह्यामागे जागा ६००. नाव लागलं तरी निवासाचे २०,००० दहा महिन्यांवर वाटले की महिन्याला दोन हजार पडतात, आणि रामदासपेठेतली खाट साडेचार हजारांची आहे. शिवाय मदत नंतर खात्यात जमा होते, भाडं आगाऊ द्यावं लागतं. मधले हे महिने कोणी सांभाळायचे, याचं उत्तर कोणत्याच अर्जात नाही.

मग सीताबर्डीत खरेदी. बादल्या, मग, कुलपं, कपडे वाळत घालायची दोरी, एक्स्टेंशन बोर्ड, मच्छरदाण्या. ऑगस्टात डेंगीचं भय असतं, म्हणून मच्छरदाणीच्या बाबतीत मी ऐकलं नाही. लेकीसाठी जुनी सायकल घेतली. अमरावती रस्त्यावरच्या संस्थेपर्यंत ती रोज सायकलने जाईल. मैत्रीण महाराजबागेच्या बाजूने पायी जाणार म्हणते. एलआयटीच्या फाटकापर्यंत एकदा मी लेकीबरोबर जाऊन आले. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने दिलेल्या संपत्तीतून १९४२ मध्ये ही संस्था उभी राहिली. आपल्या पश्चात कोणाची मुलं इथे शिकतील हे त्यांना कसं माहीत असणार? तरी त्यांनी दिलं.

खोलीत परतून गाद्या घातल्या. घरून आणलेली गादी खाटेपेक्षा चार बोटं रुंद निघाली, लेकीने ती भिंतीकडे दुमडून बसवली. मैत्रिणीने आधी पुस्तकं लावली आणि नंतर कपडे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात तिखट, लोणचं, कुरोड्या आणि लाखोळीच्या वड्या. वाशीमच्या मुलीने आल्याआल्या सांगितलं, "इथं पाणी सकाळी साडेसहालाच भरून ठेवावं लागते." दोघींनी मान हलवली आणि बादल्या नळाखाली नेऊन ठेवल्या.

निघताना लेक म्हणाली, "आई, आता तू जा, नाहीतर गाडी चुकेल." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मैत्रीण पाया पडली. रडायचं बसमध्ये ठरवलं होतं, तसंच झालं.

१५ ऑगस्ट, ब्रह्मपुरी

ध्वजवंदनानंतर मुख्याध्यापकांनी दोन शब्द बोलायला सांगितले. मी वसतिगृहांवर बोलले.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी पहिलं बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करत गेले. खेड्यातला मुलगा शहरात टिकला नाही तर शाळा काढून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. ती मुलं जेवावीत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आपल्या विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. आजच्या एका वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेला त्यांचंच नाव आहे.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. गरीब मुलगा पुण्यात वार लावून, माधुकरी मागून शिकू शकत होता. रात्री एखाद्या देवळात पडून राहू शकत होता. मुलीला यातलं काहीच शक्य नव्हतं. तिच्यासाठी आधी घर लागत होतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते शाळा आणि घर एकत्र असलेलं. धोंडो केशव कर्वे विधवांचा आश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर घेऊन गेले, तेही राहण्याची सोय धरूनच. मुलींच्या शिक्षणाचा आपल्याकडचा इतिहास बराचसा त्यांच्या राहण्याच्या सोयीचा इतिहास आहे.

पहिल्या रांगेतल्या मुली लक्ष देऊन ऐकत होत्या. कार्यक्रमानंतर नववीतली एक जण जवळ आली. "मॅडम, नागपुरात मुली एकट्या राह्यतात?" मी म्हटलं, "तिघी मिळून राहतात. तुला फोटो दाखवते."

१८ ऑगस्ट

लेकीचा फोन. मेसची पोळी पातळ, वरण बरं. पहिल्या दिवशी सायकलवरून रवीनगरच्या चौकात भांबावली, आता सरावली. मैत्रीण कमी बोलते, पण रात्री लेकीच्या आधी झोपत नाही. प्रयोगशाळेत ती पहिल्यांदाच इतकी उपकरणं एका जागी पाहते आहे.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज तान्हा पोळा. गल्लीतली लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार आली. दोघींना पोळ्याला घरी यायचं होतं, पण सोमवारी मैत्रिणीचं पहिलं प्रात्यक्षिक आहे म्हणून थांबल्या. वाशीमच्या मुलीला घेऊन तिघी इतवारीत मारबतीची मिरवणूक पाहायला गेल्या. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, हे लेकीने मला फोनवर ऐकवलं. नागपूरची माहिती ती मला देते आहे, याचा मला फार आनंद झाला.

मैत्रिणीच्या आईचा रोवणा सुटला. ती येऊन उरलेल्या पैशांचं बोलली. ते मी तिच्याकडून पोरीच्या योजनेचा हप्ता आल्यावरच घेणार आहे, आणि घेणार आहे हे नक्की सांगितलं. तिला ते आवडलं. पुढच्या रविवारी ती स्वतः खोली पाहायला जाणार आहे.

२५ ऑगस्ट

आज मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हा हिशेब फळ्यावर मांडला. पहिल्या दिवशी बारा हजार, नंतर महिन्याला साडेसात हजार, आणि मदत मागाहून. कोणी वाद घातला नाही. आम्ही आठ जणांनी महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढायची ठरवली. शाळेतली मुलगी बाहेरगावी शिकायला निघाली की पहिल्या तीन महिन्यांचं भाडं या पैशातून द्यायचं. तिच्या योजनेचे पैसे आले की ते परत घ्यायचे आणि पुढच्या मुलीला द्यायचे. रोवण्याच्या दिवसांत सोबत म्हणून आळीपाळीने एकीने जायचं. खोली पाहताना काय विचारायचं, खिडकी, पाणी, गेटची वेळ, भाडेकरार, याची यादी मी लिहून दिली आहे.

बारावीच्या वर्गात उद्यापासून प्रत्येक मुलीची नोंद घ्यायची: तिला काय शिकायचं आहे, कुठे शिकायचं आहे, आणि तिथे ती कुठे राहणार आहे. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो भरायचं काम आमचं.