ज्याचें नांव पुकारलें नाहीं

शिरपुरांत पावसाळ्याच्या एका सायंकाळीं आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस संगणकावर एक मूक चित्रपट दाखविला. चित्रपट म्हणण्यापेक्षां त्याचे तुकडेच म्हणावे. कारण फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिलच्या नॉर्मन कंपनीनें १९२२ सालीं काढलेल्या ‘द बुल-डॉगर’चे आज तेवढेच अवशेष उरले आहेत. धांवत्या घोड्यावरून एक काळा गुराखी बैलाच्या अंगावर झेंप घेतो, शिंगें धरून मान पिळतो आणि त्या धुडास जमिनीवर लोळवितो. हा बिल पिकेट.

तें पाहतांना आम्हांस आमच्या घरचा सालदार आठवला. आखाजीला त्याचें साल ठरे, आणि पुढच्या आखाजीपर्यंत तो व आमचे बैल जणूं एकाच दावणीला बांधलेले असत. आम्ही त्यास दादा म्हणत असूं. शर्यतींत आमची जोडी तोच हांकी. एके वर्षीं चाकाखालीं पाय सांपडला, तरी त्यानें कासरा सोडला नाहीं. जोडी पहिली आली. पुकारा मात्र आमच्या वडिलांच्या नांवाचा झाला, फेटा त्यांस बांधला गेला, आणि त्यांच्या खांद्यावर बसून टाळ्या आम्हीं घेतल्या. दादा त्या वेळीं एका पायावर भार देऊन बैलांच्या तोंडावरचा फेंस पुशीत होता.

पिकेटला काळा म्हणून कित्येक सामन्यांत मज्जाव होई; तरी या चित्रपटाच्या जाहिरातीवर त्याचें नांव ठळक छापलें होतें. १९३२ सालीं घोड्याच्या लाथेनें तो मेला. १९९४ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें त्याचें तिकीट काढलें, तेव्हां त्यावर चेहरा त्याच्या भावाचा छापला गेला. चूक उघड होतांच तिकिटें मागें घेऊन नवीं छापावीं लागलीं. ती सुधारतां आली, कारण त्याला ओळखणारें कोणी तरी होतें.

आमच्या दादाचें काय? वडिलांची जुनी वही काढून पाहिली. बैलांचीं नांवें, त्यांची किंमत, पेंडीचा खर्च, सारें तींत आहे. दादाविषयीं मात्र ‘सालदारास उचल’ एवढेंच. २५ वर्षें आम्हीं इंग्रजी कवींच्या कुळांची उठाठेव केली. पण ज्याच्या मांडीवर बसून पहिल्यानें कासरा धरला, त्याचें नांव आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

तापीकांठचें त्याचें गांव ठाऊक आहे. सुट्टींत तेथें जाण्याचें ठरविलें आहे. वेशींत उभें राहून कोणाचें घर विचारावयाचें, हाच प्रश्न आहे.