खाज आणि लाज

२०२२ च्या वैशाखात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही उधन्याहून गाडीनं दोंडाईच्याला निघालो होतो. डब्यात बसायला जागा होती, तरी मी दाराशी उभा. "बसा ना हो," बायको दोनदा म्हणाली. नवापूर आलं तेव्हा तिनं म्हणणंच सोडून दिलं. मी का बसत नाही हे तिला ठाऊक होतं, पण त्यावर आमच्यात बोलणं होत नव्हतं. माझ्या दोन्ही जांघांत आणि पुढच्या नाजूक जागेवर वर्षभर खाज होती. घाम लागला की निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची.

वाचकहो, कुटुंबाच्या पानावर हे लिहावं की नाही, असा बरेच दिवस विचार केला. मग वाटलं, त्रास शेवटी अख्ख्या कुटुंबालाच झाला, तर इथेच लिहावं.

मी पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये आहे. बारा तासांची पाळी, यंत्रांची वाफ, वरून सुरतची दमट हवा. इथलं कापड बहुतेक पॉलिस्टर. ते घाम पीत नाही हे आम्हा रंगवणाऱ्यांना कुणी सांगायला नको, पण स्वस्त म्हणून चड्डीपासून पँटीपर्यंत अंगावर तेच. लिंबायतला खोली एक, दोरी एक, टॉवेल दोन आणि माणसं चार: मी, बायको, मुलगी आणि कामासाठी आलेला मेव्हणा.

सुरुवातीला रुपयाएवढा लाल गोल चट्टा होता. आपण त्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो, इकडे दादर म्हणतात. (दादर म्हटलं की आपल्याला स्टेशन आठवतं, ते वेगळं.) मेडिकलवाल्याला हळूच सांगितलं. त्यानं वर न बघता ट्यूब पुढे सरकवली, "आ लगावो, त्रण दिवसमां मटी जशे." खरंच, तिसऱ्या दिवशी खाज गेली. पंधरा दिवसांनी परत आली, चट्टा तळहाताएवढा झाला. पुन्हा ट्यूब. अशा अकरा ट्यूबा मी वर्षभरात संपवल्या. मधे एका ओळखीच्यानं लिंबू चोळायला सांगितलं, तेही केलं. त्या रात्री मी मोरीत बसून पाणी ओतत होतो, एवढंच सांगतो.

दुखण्यापेक्षा जास्त जाळलं ते एका प्रश्नानं. लग्नाहून परतल्यावर बायकोच्या कमरेवर तसाच चट्टा उठला. ती घरात अहिराणीच बोलते. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून तिनं विचारलं, "तुमी बाहेर कोठे जातस का?" मी कुठेही जात नव्हतो. पण वर्षभर लपवालपवी केलेल्या माणसाच्या 'नाही'वर कोण विश्वास ठेवील? पुढच्या आठवड्यात मुलीच्या मानेवर चट्टा दिसला. तेव्हा मात्र मी मिलमध्ये खाडा टाकला आणि नव्या सिव्हिल हॉस्पिटलच्या चामडीच्या विभागात जाऊन रांगेत उभा राहिलो.

आत डॉक्टरीणबाई होत्या. मी तसाच परत फिरणार होतो. त्यांनी पडदा ओढला, बरोबर एका शिकाऊ मुलाला घेतलं आणि माझ्याकडे नाही, फक्त जखमेकडे पाहिलं. चट्ट्याच्या कडेची कातडी जराशी खरवडून काचेवर घेतली, तीवर औषधाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहिले. मग विचारलं, ट्यूब कोणती? मी खिशातून काढून दिली.

त्या एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉईड होतं. स्टेरॉईड लाली आणि खाज दाबतं, आपल्याला वाटतं बरं झालं. पण कातडीची लढण्याची ताकदही तेच दाबतं, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. त्यात जागा अशी नाजूक! १९६७ मध्ये अमेरिकेत केलेल्या मोजणीत दिसलं होतं की वृषणाच्या कातडीतून असलं औषध हाताच्या कातडीपेक्षा सुमारे ४२ पट जास्त आत शिरतं. माझ्या मांड्यांवर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटलेत, ते जाणार नाहीत म्हणाल्या. आजही आहेत. अशी स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा केंद्र सरकारचा नियम २०१८ मध्येच झाला आहे. मला एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नव्हती.

बाईंनी आणखी एक सांगितलं. आपल्याकडे पसरलेली बुरशी आता हट्टी झाली आहे, नेहमीची एक गोळी तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या तिच्या एका जातीला नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात आपला देश आहे, कौतुक कशाचं करायचं?

मला दिलेल्या औषधाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुणीतरी हा अंक घेऊन थेट दुकानात जाईल. जेवणानंतर घ्यायची कॅप्सूल होती. मी रोज ॲसिडिटीची गोळी खायचो, तिनं कॅप्सूल नीट लागू पडत नाही म्हणून ती बंद केली. साधं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं. ट्यूब सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज दुप्पट झाली, तेव्हा जीव नको झाला होता. आठवड्यांचे महिने झाले, पण चट्टे विझले.

बाईंनी रक्तातली साखरही तपासली, माझी ठीक निघाली. आमच्या फोल्डिंग खात्यातल्या काकांची मात्र नाही. त्यांना पुढच्या कातडीला चिरा पडून खाज सुटायची, दर दोन महिन्यांनी. माझं ऐकून ते गेले, तेव्हा मधुमेह कळला. त्यांची बुरशी वेगळ्या जातीची. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या काही गोळ्या असतात, त्यांनीही असा त्रास होऊ शकतो, म्हणून ते गोळी सुरू करतानाच डॉक्टरांना विचारून आले.

दुसऱ्या खेपेला मी बायकोला घेऊन गेलो. हा रोग टॉवेलातून, चादरीतून, एका दोरीवरच्या कपड्यांतूनही पसरतो, हे बाईंनी मी काही न सांगता तिला समजावलं. मेव्हण्यासकट चौघांनाही औषध एकदमच दिलं. परतताना रिक्षात बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पहिल्या दिवशीच मला सांगितलं असतं तर?" मी काय बोलणार?

आता खोलीत टॉवेल चार आहेत, चार रंगांचे. चड्ड्या सुती. कपडे गच्चीवर उन्हात, आतली बाजू बाहेर करून.

गेल्या महिन्यात शहाद्याहून भाचा आला, लूमवर लागला. परवा जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "मामा, ती दादरची ट्यूब कोणती रे?" मी त्याच्या खिशाकडे पाहिलं. एक आधीच होती. सोमवारी दोघांनीही खाडा टाकला.